चालू होताच बंद पडणारा संगणक : दोष कसा शोधावा?

शेतकऱ्याच्या घरी संगणक असणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. मुलांच्या शिक्षणाकरिता घेतलेला संगणक थोड्याच दिवसांत घरच्या कारभारातही उपयोगी पडू लागतो. दूध संस्थेचे हिशेब, बचत गटाचा जमाखर्च, खतांची व बियाण्यांची टिपणे, जमिनीच्या कागदपत्रांच्या प्रती अशा कितीतरी गोष्टी त्यात साठविल्या जातात. २०१६ च्या खरीप हंगामात प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा संगणकावर मिळू लागला. अशा कामांमुळे गावोगावच्या सेवा केंद्रांतील आणि घराघरांतील संगणकाला नांगर-पाभरीइतकेच महत्त्व आले आहे.

नेमक्या गरजेच्या वेळी, अर्जाची मुदत संपत आली असता, कधी कधी असे घडते की, बटण दाबताच संगणकाचा दिवा लागतो, पंखा फिरू लागतो आणि पडद्यावर एकही अक्षर उमटण्यापूर्वीच सारे शांत होते. पुन्हा बटण दाबावे, तर पुन्हा तोच प्रकार. अशा प्रसंगी दोन चुका सर्रास होताना दिसतात. पहिली चूक म्हणजे चिडून वारंवार बटण दाबीत राहणे. दुसरी म्हणजे ‘विंडोज बिघडली असेल’ असे समजून हार्ड डिस्क पुसून घेणे व सारे नव्याने भरणे. पहिल्या चुकीमुळे लहानसा बिघाड मोठा होतो. दुसरीमुळे वर्षानुवर्षांची माहिती हकनाक जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. वास्तविक या बिघाडाची कारणे मोजकी असून ती क्रमाने शोधता येतात. त्यांतील निम्मीअधिक तपासणी कोणत्याही खास साधनांवाचून घरीच होण्यासारखी आहे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ही रीत समजून घेतल्यास गावातील कित्येक कुटुंबांचा खर्च व खोळंबा वाचविता येईल.

बंद पडणे हे बहुधा संरक्षण असते

विहिरीवरील विजेच्या पंपाचा स्टार्टर सर्वांच्या परिचयाचा आहे. पंखा अडकून मोटर जाम झाली, एखादा फेज गेला किंवा मोटरीवर भार वाढला, म्हणजे त्यातील ओव्हरलोड रिले मोटर बंद करतो. जाणता शेतकरी अशा वेळी रिलेला दोष देत नाही. तो बांधून ठेवून मोटर चालविण्याचा अविचार तर मुळीच करीत नाही. रिले का पडला, याचा तो शोध घेतो. नाही तर वाइंडिंग जळणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

संगणकाची गोष्टही अशीच आहे. ज्या पेटीला आपण बोलताना ‘सीपीयू’ म्हणतो, त्या पेटीत दोन राखणदार बसलेले असतात. पहिला राखणदार म्हणजे वीज पुरविणारी डबी. तिला कारागीर ‘एसएमपीएस’ म्हणतात. घरातील २३० व्होल्टच्या विजेचे ती १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करते. इंटेल कंपनीने १९९५ साली जी एटीएक्स नावाची रचना आणली, तीच थोड्याफार फरकाने आजच्या बहुतेक घरगुती संगणकांत आढळते. या रचनेत असा नियम आहे की, बटण दाबल्यानंतर सर्व दाब योग्य प्रमाणात मिळू लागले, म्हणजे सुमारे अर्ध्या सेकंदाच्या आत एसएमपीएसने मदरबोर्डाला ‘वीज ठीक आहे’ असा संकेत द्यावयाचा. तो संकेत मिळाल्यावाचून मदरबोर्ड कामास आरंभ करीत नाही. कोठे शॉर्ट झाला असेल किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला असेल, तर ही डबी क्षणार्धात सर्व पुरवठा तोडते.

दुसरा राखणदार प्रोसेसरच्या पोटात असतो. संगणकाची सर्व आकडेमोड करणारा हा भाग चालू असताना अतिशय तापतो. त्याची उष्णता सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपासची मर्यादा ओलांडून गेली, तर जळण्यापासून बचाव करण्यासाठी तो यंत्र बंद पाडतो.

याखेरीज एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चालू-बंद करण्याचे बटण सुमारे चार सेकंद सतत दाबून धरले, तर संगणक सक्तीने बंद होतो. हा दोष नसून मुद्दाम ठेवलेली सोय आहे. परंतु बटणच आत अडकून बसले असेल, तर यंत्र आपल्याला हुकूम मिळाला असे समजून दर वेळी चार-पाच सेकंदांनी बंद होते.

प्रथम सेकंद मोजावेत

यास्तव पेटी उघडण्यापूर्वी घड्याळ समोर ठेवून एकदाच बटण दाबावे व संगणक किती वेळाने बंद पडतो ते मोजावे. या एका निरीक्षणाने शोधाची दिशा ठरते.

(अ) पंखा किंचित हलून एका सेकंदाच्या आत सारे बंद होत असेल, तर शॉर्ट झाला आहे किंवा एसएमपीएस निकामी झाला आहे असे समजावे. अशा वेळी पुन्हा बटण दाबूनही काहीच हालचाल होत नाही, मात्र प्लग काढून मिनिटभराने लावल्यास पंखा पुन्हा एकदा हलतो, असेही आढळते. याचा अर्थ एसएमपीएसने स्वतःला कुलूप लावून घेतले होते.

(आ) दर वेळी चार-पाच सेकंदांनीच बंद होत असेल, तर बटण अडकल्याचा संशय घ्यावा.

(इ) दहा-पंधरा सेकंदांपासून दोन-चार मिनिटांपर्यंत चालून बंद होत असेल आणि लगेच पुन्हा लावल्यास त्याहूनही लवकर बंद पडत असेल, तर उष्णतेचा दोष असण्याचा संभव अधिक. अर्धा तास विसावा दिल्यानंतर तो जास्त वेळ चालला, तर हा संशय दृढ होतो.

(ई) आपोआप बंद होऊन आपोआपच पुन्हा चालू होत असेल व हे चक्र थांबत नसेल, तर रॅम, मदरबोर्ड किंवा अपुरा वीजपुरवठा यांकडे पाहावे. मात्र रॅम किंवा आतील घड्याळाचा सेल बदलल्यानंतर काही संगणक पहिल्या खेपेस एक-दोनदा आपण होऊन बंद-चालू होतात. तो बिघाड नव्हे. दोन-तीन मिनिटे वाट पाहावी.

(उ) संगणकाबरोबर यूपीएसही बंद पडत असेल किंवा सतत पीं-पीं असा आवाज करीत असेल, तर दोष संगणकात नसून यूपीएसमध्ये असण्याचा संभव आहे.

येथे आणखी एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. कंपनीचे चिन्ह पडद्यावर उमटण्यापूर्वीच संगणक बंद होत असेल, तर विंडोजचा त्यात काहीही संबंध नसतो. त्या क्षणापर्यंत हार्ड डिस्कवरील विंडोज वाचलीच गेलेली नसते. सबब अशा संगणकावर विंडोज नव्याने भरण्यास कोणी सुचविल्यास ते मान्य करू नये.

हात लावण्यापूर्वी घ्यावयाची खबरदारी

१. भिंतीवरील बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून बाजूला ठेवावा. संगणक बंद दिसत असला, तरी प्लग लावलेला असेपर्यंत मदरबोर्डाला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा चालूच असतो. प्लग काढल्यावर पेटीवरील बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला प्रवाह निघून जातो.

२. हात कोरडे असावेत. आतील भागांना स्पर्श करण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर साचलेली स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरते.

३. एसएमपीएसची डबी घरी कधीही उघडू नये. २३० व्होल्टचा प्रवाह तिच्यात एकदिश केल्यावर त्याचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि तो कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही काळ साठून राहतो. हा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

४. जळका वास, धूर किंवा ठिणगी आढळल्यास पुढील कोणताही प्रयोग न करता यंत्र कारागिराकडे न्यावे.

पहिली पायरी : भिंतीपासून पेटीपर्यंत

शोधाचा आरंभ नेहमी बाहेरून करावा. संगणकाची वायर दोन्ही टोकांस घट्ट बसली आहे काय, सॉकेट सैल होऊन काळे पडले आहे काय, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर मिक्सर, टीव्ही व चार्जर यांची गर्दी झाली आहे काय, हे पाहावे. शक्य असल्यास तशीच दुसरी वायर लावून पाहावी.

यानंतर यूपीएस तपासावा. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत तिची शक्ती क्षीण होते. संगणक चालू होताना लागणारा प्रवाहाचा हिसका तिला सोसत नाही व यूपीएस मान टाकतो. विजेचा दाब स्थिर असताना यूपीएस वगळून संगणक थेट भिंतीवरील तीन पिनांच्या सॉकेटला लावावा. तो व्यवस्थित चालला, तर केवळ यूपीएसची बॅटरी बदलून काम भागते. सेवा केंद्रांतून आढळणारी एक चूक येथे नमूद करणे इष्ट होईल. लेझर प्रिंटर यूपीएसला कदापि जोडू नये. आतील रूळ तापविताना तो मोठा प्रवाह ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस, जो बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो, तत्काळ बंद पडतो.

खेड्यांत विजेच्या दाबाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. ५ अश्वशक्तीची पंपाची मोटर थेट चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. घराची वीज त्याच वाहिनीवर असेल, तर त्या क्षणी दिवे मंदावतात व संगणकाचा पुरवठाही खचतो. पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचे यंत्र जवळ असल्यासही हाच अनुभव येतो. पंप बंद असताना संगणक नीट चालत असेल, तर दोष कोठे आहे हे वेगळे सांगावयास नको. अशा ठिकाणी चांगला स्टॅबिलायझर किंवा दाब सावरणारा यूपीएस घ्यावा. काही जुन्या एसएमपीएसच्या पाठीमागे ११५ व २३० असे आकडे असलेला लाल खटका असतो. तो आपल्या देशात नेहमी २३० वरच असला पाहिजे.

अर्थिंगकडे तर अक्षम्य दुर्लक्ष होते. पेटीच्या पत्र्याला हात लागला असता झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेले आहे असे निश्चित समजावे. एसएमपीएसमधील गाळणीची रचना अशी असते की, अर्थिंग नसल्यास पत्र्यावर अल्प प्रवाहाची वीज उतरते. ती जीव घेणारी नसली, तरी तिच्यामुळे यंत्राचे नुकसान होऊ शकते. शिवाय पुढेमागे खरोखरीच गळती झाली, तर माणसाला वाचविणारे काही उरत नाही. न्यूट्रल व अर्थ यांच्यामधील दाब वायरमनकडून मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरलेले असते. उन्हाळ्यात हा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालीत जावे.

बाहेरची शेवटची तपासणी म्हणजे संगणकाला जोडलेल्या वस्तूंची. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र, माऊस, कीबोर्ड ही सारी काढून एकदा बटण दाबावे. पुढच्या बाजूच्या यूएसबी खोबणीतील पातळ पट्ट्या वाकून एकमेकींना टेकल्यानेही संगणक बंद पडतो. विजेरी घेऊन खोबणीत पाहावे.

दुसरी पायरी : बटणाची परीक्षा

बटण दाबल्यानंतर ते सहजपणे परत वर येते काय, ते प्रथम पाहावे. धूळ व हातांचा मळ साचून ते आत रुतते. तसे नसेल, तर प्लग काढून पेटीच्या बाजूचे झाकण उघडावे. बटणापासून निघालेली दोन तारांची बारीक जोडणी मदरबोर्डाच्या कोपऱ्यातील पिनांवर बसविलेली असते. ती कोठे होती हे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे व जोडणी काढावी. पेटीला रीसेटचे निराळे बटण असल्यास त्याची तार त्या दोन पिनांवर बसवावी आणि प्लग लावून रीसेटचे बटण दाबावे. संगणक चालू होऊन तसाच चालू राहिला, तर मूळ बटण दोषी ठरते. नवे बटण बसवीपर्यंत रीसेटच्या बटणावर काम चालविण्यास कोणतीही हरकत नाही.

तिसरी पायरी : धूळ व उष्णता

मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा, कच्च्या रस्त्याची धूळ व चुलीचा धूर यांचा एक चिवट थर संगणकाच्या पंख्यावर व त्याखालील हीटसिंकच्या पात्यांत बसतो. वारा कोंडतो व प्रोसेसरची उष्णता बाहेर पडत नाही. झाकण काढून हा भाग पाहिला असता पुष्कळदा पात्यांच्या फटी गोधडीसारख्या भरून गेलेल्या दिसतात.

सफाईसाठी रुंद मऊ कुंचला व हवेचा ब्लोअर वापरावा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पंखा वेगाने उलटसुलट फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होते. ओले फडके, रॉकेल किंवा पेट्रोल यांचा वापर मुळीच करू नये. सफाई अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून व तोंडाला रुमाल बांधून करावी. त्यानंतर हीटसिंक हलके हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल, तर त्याच्या चार खुंट्यांपैकी एखादी सुटलेली असते. हीटसिंक व प्रोसेसर यांच्यामध्ये थर्मल पेस्ट नावाचा लेप असतो. काही वर्षांनी तो वाळून खडूसारखा होतो. असा लेप पुसून मसुराच्या दाण्याएवढा नवा लेप द्यावा. सवय नसल्यास हे काम माहितगाराकडून करवून घ्यावे. कारण हीटसिंक ओढून काढताना प्रोसेसरच्या किंवा मदरबोर्डाच्या पिना वाकण्याची भीती असते.

झाकण उघडे ठेवून संगणक लावला असता प्रोसेसरवरील पंखा फिरतो काय, तेही दुरून पाहावे. हा पंखा बंद असेल, तर बाकी सर्व ठीक असूनही संगणक थोड्याच वेळात बंद पडेल.

चौथी पायरी : एकेक भाग वेगळा करणे

वरील तपासणीनंतरही दोष कायम राहिल्यास शॉर्टचा शोध घ्यावा. पेटीतील उबेसाठी पाली, झुरळे, मुंग्या व उंदीर आत शिरतात. मुंग्यांनी आणलेली माती, पालीची अंडी, उंदराने कुरतडलेली तार किंवा त्याच्या मुतामुळे चढलेला गंज यांपैकी काही दिसते काय, ते विजेरीच्या उजेडात पाहावे. एखादा सुटा स्क्रू मदरबोर्डावर पडलेला असेल, तर तो काढावा. मदरबोर्डावरील नळकांड्याच्या आकाराच्या कपॅसिटरची डोकी सपाट असावीत. ती फुगलेली असतील किंवा त्यांतून तपकिरी द्रव पाझरला असेल, तर तेथेच दोष आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरमुळे असंख्य मदरबोर्ड असे निकामी झाले होते.

पुढे जोडण्या तपासाव्यात. मदरबोर्डाला वीज देणाऱ्या दोन जोडण्या असतात. एक २४ पिनांची मोठी आणि दुसरी प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची लहान. लहान जोडणी सैल असण्याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंची कडी उघडून काढावी, तिची सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हळुवार पुसावी, चुरा झटकावा व टक्क असा आवाज होईपर्यंत पुन्हा बसवावी.

आता एकेक भाग वेगळा करून पाहावा. भाजीत मीठ जास्त की तिखट जास्त हे एकत्र कालवल्यावर सांगता येत नाही. तसेच सर्व भाग जोडलेले असता दोषी कोण हे कळत नाही. प्रथम डीव्हीडी ड्राइव्हची वीज काढावी व संगणक लावून पाहावा. मग हार्ड डिस्कची, मग असल्यास ग्राफिक्स कार्ड काढावे. दर वेळी प्लग काढूनच हात घालावा आणि एका वेळी एकच भाग काढावा. ज्या भागाच्या वगळण्याने संगणक टिकून राहिला, तोच दोषी. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास आळीपाळीने एकेक ठेवून पाहावी. सर्व रॅम काढून संगणक लावला असता तो चालू राहिला व बीप असा आवाज करू लागला, तर एसएमपीएस व मदरबोर्ड बहुधा शाबूत असून दोष रॅममध्ये किंवा तिच्या खोबणीत आहे, असे अनुमान करता येते.

मदरबोर्डावर रुपयाएवढा चपटा सेल असतो. त्याचा क्रमांक सीआर २०३२ असून दाब ३ व्होल्ट असतो. तो संपल्यास मुख्यतः घड्याळ मागे पडते. तथापि जतन केलेल्या चुकीच्या मांडणीमुळे संगणक अडत असेल, तर प्लग काढून हा सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवल्याने ती मांडणी पुसली जाते. ही स्वस्त गोष्ट करून पाहण्यासारखी आहे.

पाचवी पायरी : एसएमपीएस

सारे भाग वगळूनही संगणक बंद पडत असेल, तर एसएमपीएस किंवा मदरबोर्ड यांपैकी एक दोषी ठरतो. खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे शेजाऱ्याच्या किंवा कारागिराकडील चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे. केवळ पंखा फिरतो म्हणून एसएमपीएस चांगला, असे मानू नये. भार नसताना फिरणारा पंखा भार येताच थांबल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. नवा एसएमपीएस घेताना वेष्टनावरील मोठा आकडा पाहून भुलू नये. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा घरगुती संगणक सहसा २०० वॅटपेक्षा कमी वीज घेतो. त्यास नामांकित कंपनीचा, हमी असलेला ४०० ते ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा होतो. फार हलक्या वजनाचे व अत्यल्प किमतीचे नग घेऊ नयेत. त्यांत संरक्षणाची व्यवस्था पुष्कळदा नावापुरतीच असते.

लॅपटॉपच्या बाबतीत आतील भाग घरी उघडू नयेत. चार्जर काढून, बॅटरी सुटी होण्यासारखी असल्यास तीही काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व केवळ चार्जरवर चालवून पाहावे. बॅटरी फुगून कीबोर्ड किंवा खालचा तळ उचलला गेला असेल, तर तो लॅपटॉप चार्ज करू नये व त्या बॅटरीस टोचू नये. ती पेट घेते.

एक उदाहरण

ही रीत प्रत्यक्षात कशी वापरावी, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, वस्तीवरील एका घरातील संगणक पावसाळाभर झाकून ठेवला होता. रब्बीच्या वेळी तो लावला असता पंखा हलून एका सेकंदात बंद होतो. सेकंद मोजल्यावर बटणाचा व उष्णतेचा संशय मागे पडतो. यूपीएस वगळून थेट सॉकेटला लावला, तरी फरक नाही. बाहेरच्या वस्तू काढल्या, तरी तेच. झाकण उघडल्यावर कोपऱ्यात मुंग्यांची माती आढळते. ती साफ होते, रॅम पुसून बसविली जाते, परंतु दोष जात नाही. मग डीव्हीडी ड्राइव्हची वीज काढताच संगणक सुरू होऊन चालू राहतो. मुंग्यांनी त्या ड्राइव्हमध्ये घर केले होते. ड्राइव्ह वगळून संगणक कामास लागतो, खर्च शून्य आणि माहिती जशीच्या तशी. हेच यंत्र घाईने ‘विंडोज टाकण्यास’ नेले असते, तर माहिती गेली असती व ड्राइव्ह जोडलेला असेपर्यंत दोष मात्र परत आला असता.

माहितीचे रक्षण व कारागिराची गाठ

संगणक चालू होत नाही, म्हणजे त्यातील माहिती गेली, असे घाबरून समजू नये. या प्रकारच्या बहुतेक बिघाडांत हार्ड डिस्क सुरक्षित असते. ती काढून दुसऱ्या संगणकास जोडून किंवा यूएसबीच्या विशेष जोडणीने तिच्यातील कागदपत्रे उतरवून घेता येतात. अर्जाची मुदत जवळ आली असल्यास दुरुस्तीची वाट न पाहता प्रथम हेच करावे व अर्ज दुसऱ्या संगणकावरून भरावा.

कारागिराकडे जाताना एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात : संगणक किती सेकंदांनी बंद होतो, यूपीएस वगळून पाहिला काय, कोणते भाग काढून पाहिले, अलीकडे वीज पडली होती, दाब वाढला होता किंवा नवा भाग बसविला होता काय. त्याच कागदावर ‘विचारल्याशिवाय हार्ड डिस्क पुसू नये’ असे ठळक लिहावे. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा व नव्या भागाची पावती आणि हमीपत्र जपून ठेवावे.

हंगामाप्रमाणे निगा

औजारांची निगा जशी हंगामापूर्वी घेतली जाते, तशी संगणकाचीही घ्यावी. मळणी आटोपल्यावर पेटीची धूळ काढावी. एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू होताच प्लग काढावा; इंटरनेटची तांब्याची तारही काढावी, कारण तिच्यावाटेही विजेचा लोट आत येतो. पावसाळ्यात संगणक नेहमी वापरात नसला, तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवावा. त्याच्या उबेने आतील दमट हवा सुकते. पेटी जमिनीवर न ठेवता हातभर उंचीवर व भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. चालू असताना तिच्यावर कापड घालू नये. धान्याच्या पोत्यांजवळ संगणक ठेवल्यास उंदरांना आमंत्रणच मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हिशेब व कागदपत्रे यांची एक प्रत महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर उतरवून ती कपाटात ठेवावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी ही तपासणी आपल्या कार्यालयातील संगणकावर एकदा स्वतः करून पाहावी व गावातील दोन-चार होतकरू तरुणांना शिकवावी. यंत्र बंद पडले असता ते काय सांगू पाहत आहे याकडे प्रथम लक्ष द्यावे, सेकंद मोजावेत व बाहेरून आत क्रमाने शोध घ्यावा. एवढे पथ्य पाळल्यास ऐन मुदतीच्या दिवशी कोणाही शेतकऱ्याचे काम केवळ संगणक बंद आहे म्हणून अडून राहणार नाही.